साडेचार एमबीत बसेल तेवढंच

प्रमिलाबाई बोरसे धुळ्याच्या ज्या कार्यालयात कामाला लागल्या, तिथं आधी त्यांचे यजमान होते. विहिरींच्या पाण्याची पातळी आणि पावसाची नोंद ठेवणारं ते सरकारी कार्यालय. दर महिन्याला ठरलेल्या विहिरींवर जायचं, फीत आत सोडायची, पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं, हे कौतिक बोरसेंचं काम. शिरपूरच्या पुढच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या चौदा विहिरी त्यांच्याकडे होत्या. शिरपूरपर्यंत एसटी आणि तिथून पुढं सायकल. एकोणनव्वदच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. पंधरा दिवसांत माणूस गेला.

अनुकंपा तत्त्वावर प्रमिलाबाईंना कनिष्ठ लिपिकाची जागा मिळाली. वय तेहतीस. मूळच्या असोद्याच्या. मॅट्रिक झाल्यावर रोज बसनं जळगावला जाऊन त्यांनी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्या आता उपयोगी पडल्या. मूलबाळ नव्हतं. सासरी दीर-जावा होत्या, पण नोकरी धुळ्यात, म्हणून तिथल्याच देवपुरात एक खोली घेऊन त्या एकट्या राहू लागल्या.

कार्यालयात सगळे त्यांना वहिनी म्हणत. कौतिकची बायको म्हणून वहिनी. त्या आत आल्या की चाललेलं हसणं थांबायचं, कोणीतरी उठून खुर्ची द्यायचं, आणि मग सगळे आपापल्या फायलीत डोकं घालायचे. कुणी कधी वाकडं बोललं नाही. खरं तर कुणी काही बोललंच नाही. दुपारी पुरुष मंडळी खिडकीजवळ एकत्र डबे उघडत. दुसरी बाई कार्यालयात नव्हती. प्रमिलाबाई आपल्या टेबलाचा खण ओढून त्यातच डबा ठेवून जेवत. दीडेक वर्ष असं गेलं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत नाशिकच्या कार्यालयाकडून एक संगणक आला. नाशिकला नवा आला, म्हणून जुना धुळ्याला. त्यावर युनिक्स नावाची प्रणाली चालायची. मुख्य यंत्राला वायरींनी जोडलेले तीन पडदे आणि तीन कीबोर्ड, म्हणजे तिघांना एकाच वेळी बसता येणार. तीस वर्षांची पावसाची आणि विहिरींची सगळी रजिस्टरं त्यात भरायची, असा वरून आदेश होता. यंत्रासाठी मागची खोली रिकामी केली, काचेचं दार लावलं, एसी बसवला. खोलीत चहा न्यायचा नाही, चपला बाहेर काढायच्या, तंबाखू तर नाहीच. हे नियम ऐकल्यावर ते काम कुणी अंगावर घेईना.

"वहिनींना टायपिंग येतं," हेडक्लार्क भिकन देवरे म्हणाले. त्यांना सगळे भिकन नाना म्हणत. निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेला, कमी बोलणारा माणूस. कौतिकरावांच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी अकरा वर्षं काढली होती.

साहेबांनी मान डोलावली आणि प्रमिलाबाईंची दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नाशिकला रवानगी झाली. तिथं बावीस पुरुष आणि त्या. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी दोनशे पानी वही भरवली. निम्मं समजलं, निम्मं समजलं नाही, पण न समजलेलंही लिहून घेतलं.

त्या परत आल्या आणि आठवडाभरात पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं मूळ प्रणाली बसवली, तीनही पडदे चालतात का पाहिलं आणि एक फ्लॉप्यांनी भरलेला डबा प्रमिलाबाईंपुढं ठेवला.

"यात बाकीची साधनं आहेत, मॅडम. मजकूर लिहायचा-सुधारायचा संपादक, छपाई, टेपवर प्रत काढायची, पत्रव्यवहार, शब्दलेखन तपासणी, खेळ, माहितीपानं, सगळं. पण सगळं बसणार नाही. आकड्यांसाठी राखून ठेवायची जागा सोडली, तर तुमच्याकडे साडेचार एमबी उरतात. डब्यात आहेत अकरा."

"मग तुम्हीच सांगा ना, काय बसवू?"

"ते तुमच्या कामावर आहे. मी नाशिकला एक सांगेन, जळगावला दुसरं." त्यानं घड्याळात पाहिलं. त्याला पाचची गाडी गाठायची होती. "एक लक्षात ठेवा. प्रत्येकाला विचारा, हे नसेल तर काय अडेल?"

तो गेला. धुळ्यात त्या वेळी युनिक्स येणारं दुसरं माणूस असलं, तरी प्रमिलाबाईंच्या ओळखीचं नव्हतं. छापील पुस्तकं नाशिकलाच राहून गेली होती. दोनदा पत्र पाठवूनही आली नाहीत. कुठलं साधन काय करतं ते कळायला एकच वाट होती, यंत्रातली माहितीपानं. पण तीच मुळी एकटी पावणेदोन एमबी खात होती.

त्यांनी काय केलं, तर कामापुरते संपादक आणि छपाई सोडून पहिल्यांदा फक्त तीच बसवली. एकेक पान पडद्यावर आणायचं आणि शब्दकोश शेजारी घेऊन वाचायचं. सगळं इंग्रजीत, तेही आखडतं घेतलेलं, जणू लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द जड झाला होता. पहिल्या दिवशी एक पान झालं. आठवड्यानंतर दिवसाला चार होऊ लागली. जे कळेल ते त्या मराठीत वहीत उतरवून घेत. "सॉर्ट: ओळी क्रमानं लावतो." "ग्रेप: मोठ्या फायलीत हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देतो." "डिफ: दोन फायली शेजारी ठेवून कुठं फरक आहे ते दाखवतो. फरक नसेल तर काहीच सांगत नाही."

मार्च, एप्रिल असेच गेले. उन्हाळा तापला तशी एकेक मंडळी पाच मिनिटं थंड हवा खायला काचेच्या दाराआड येऊन उभी राहायची. "काय, चाललंय ना, वहिनी?" "चाललंय." मग तंबाखूची आठवण व्हायची आणि माणूस बाहेर. तेवढंच दिवसाचं बोलणं. रविवारी तर तेही नाही. रविवारी प्रमिलाबाई खोली सारवल्यासारखी पुसून काढत, डोकं धूत, आणि दुपारी वही घेऊन बसत. असोद्याहून आईचं, यशोदाबाईंचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र यायचं, "सुट्टी काढून ये." त्या जात नव्हत्या. तिथं गेल्यावर शेजारपाजारच्या बाया चुकचुकत, त्यापेक्षा इथली शांतता बरी वाटायची.

दरम्यान रजिस्टरं भरायचं काम सुरू झालं होतं. दोन लिपिक, जीवराम आणि तोताराम, पाळीपाळीनं येऊन आकडे टाइप करत. एकदा साहेबांनी दोघांनाही चुकून एकच रजिस्टर दिलं. प्रमिलाबाईंनी दोघांचे कागद छापून शेजारी ठेवले. शंभर ओळींत अकरा ठिकाणी फरक. जुन्या माणसांच्या हस्ताक्षरात एक आणि नऊ सारखेच दिसत, पाच आणि सहाचंही तेच. एकानं एक वाचला होता, दुसऱ्यानं नऊ. नऊ मीटरवरचं पाणी एक मीटरवर आलं होतं.

त्या दिवशी त्यांची यादी ठरली.

यादी साहेबांपुढं सादर करायची, तर रीतसर टिपणी हवी. साधनाचं नाव, उपयोग, आवश्यकता, जागा. आजवर या राज्यात डिफची आवश्यकता मराठी टिपणीत कुणी मांडली असेल की नाही, कोण जाणे. प्रमिलाबाईंनी मांडली. "प्रत्येक रजिस्टर दोन कर्मचाऱ्यांनी स्वतंत्रपणे भरावे. दोन्ही प्रती यंत्राने ताडून पाहाव्यात. सबब सदर साधन अत्यावश्यक." त्याखाली टेपवर प्रत काढण्याचं साधन, छपाई, संपादक, क्रम लावणारी आणि शोधणारी साधनं.

साहेबांनी हिरव्या पेनानं रेघ मारत वाचलं. "स्पेलिंग तपासणारं नाही घेतलं? वर इंग्रजीत पत्रं जातात आपली. चुका दिसतात."

"साहेब, त्याला सव्वा एमबी लागतो. ते घेतलं तर हे ताडून पाहायचं बसत नाही."

"अहो, पण पत्र सगळे वाचतात. आकडे कोण वाचतो?"

प्रमिलाबाईंनी टिपणीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पत्रं मी दोनदा वाचून देईन, साहेब. आकडे दोनदा वाचायला माणूस पुरणार नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि सही केली. "आणि हे पत्रव्यवहाराचं का खोडलं तुम्हीच?"

"एका यंत्रावरून त्याच यंत्रावर पत्र जातं, साहेब. पाठवणार कुणाला?"

मे महिन्यात त्यांनी माहितीपानं पुसून टाकली. जागा हवी होती. तोवर पाच वह्या भरल्या होत्या. पुसण्याची आज्ञा टाइप करून त्या थोडा वेळ थांबल्या, एवढंच. दोन महिने त्या पानांशिवाय दुसऱ्या कुणाशी त्यांचं इतकं बोलणं झालं नव्हतं. मग त्यांनी कळ दाबली.

त्यानंतर काम सुरळीत लागलं. जीवराम एक प्रत भरायचा, तोताराम दुसरी, आणि संध्याकाळी प्रमिलाबाई दोन्ही ताडून पाहायच्या. एका विभागाच्या एका महिन्याची एक फाइल. आत फक्त विहिरीचा क्रमांक आणि पातळी. फायलीच्या नावात विभाग, महिना, साल आणि शेवटी १ किंवा २, कोणाची प्रत ते कळायला. यंत्रानं फरकाच्या ओळी दाखवल्या की त्या मूळ रजिस्टर उघडून भिंग लावून पाहायच्या आणि चूक दुरुस्त करायच्या. यंत्र काही बोललं नाही, म्हणजे महिना बरोबर. वर्षभरात तालुक्यामागून तालुके झाले. शिरपूरची रजिस्टरं त्यांनी मुद्दाम मागं ठेवली होती, असं नाही. पण ती मागं राहिली खरी.

ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ती आली. कौतिकरावांचं अक्षर प्रमिलाबाईंना पानाच्या मागूनही ओळखता आलं असतं. किंचित डावीकडे झुकलेलं, आकडे मात्र ठसठशीत. त्यांच्या नऊमध्ये आणि एकमध्ये कुणाचा घोटाळा होणं शक्य नव्हतं. त्यांच्या चौदा विहिरींच्या फायलींत महिन्यामागून महिने एकही फरक निघाला नाही. प्रमिलाबाईंना त्याचं बरं वाटत होतं.

सत्त्याऐंशीचा जानेवारी ताडून पाहिला; यंत्र गप्प. म्हणून त्यांनी पुढचा महिना घेतला आणि तेवढ्यात लक्षात आलं की, आपण दुसरं नाव चुकीचं टाइप केलं होतं. सत्त्याऐंशीच्या दुसऱ्या प्रतीऐवजी शहाऐंशीची दुसरी प्रत दिली होती. म्हणजे एका जानेवारीशी भलताच जानेवारी ताडला होता. चौदाच्या चौदा ओळींत फरक यायला हवा होता. यंत्र तर काहीच बोललं नव्हतं.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग दोन्ही फायली छापल्या. मग रजिस्टरं काढली. पहिली विहीर, सात मीटर चाळीस. मागच्या वर्षी सात चाळीस. दुसरी, अकरा पासष्ट, अकरा पासष्ट. चौदाही विहिरी सेंटिमीटरपर्यंत तशाच. मग फेब्रुवारी पाहिला. मग मागं जाऊन नोव्हेंबर, डिसेंबर. चार महिने, छप्पन्न आकडे, सगळे मागच्या वर्षाचे उतरवलेले. मार्चपासून पुन्हा वेगळे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. प्रमिलाबाईंना हे महिने मोजावे लागले नाहीत. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांना सातव्या महिन्यात मूल झालं, मेलेलंच. नंतर ताप उतरेना. आधी धुळ्याच्या इस्पितळात, मग घरी अंथरुणाला खिळून. ते चार महिने कौतिकराव उशाशी होते. भाकरी थापायला शिकले, केस विंचरून द्यायला शिकले. त्या विचारायच्या, "नोकरीचं काय?" ते म्हणायचे, "रजा मंजूर झाली. साहेब भले आहेत."

प्रमिलाबाईंनी आस्थापनेच्या कपाटातून रजेचं रजिस्टर आणून पाहिलं. त्या चार महिन्यांत कौतिक बोरसेंच्या नावापुढं एकही रजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या भिकन नानांच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मंडळी खिडकीजवळ होती. नानांनी समोर ठेवलेले दोन छापील कागद पाहिले आणि चष्मा काढला.

"तुम्हाला माहीत होतं, नाना?"

"मीच सांगितलं होतं त्याला." नाना कागदांकडेच पाहत होते. "रजा शिल्लक नव्हती, वहिनी. तो रोज औषध आणायचं निमित्त सांगून इथं यायचा, सही करायचा आणि दहा वाजता घरी पळायचा. महिनाअखेर आली. म्हणाला, नाना, आकड्यांचं काय करू? मी म्हटलं, मागच्या वर्षाचे टाक. हिवाळ्यात असा काय फरक पडतो."

"त्यांनी मला नाही सांगितलं."

"तुला सांगितलं असतं, तर तू त्याला घालवलं असतंस विहिरींवर." नाना पहिल्यांदाच त्यांना अगंतुगं करत होते, ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. "नंतर त्याला फार लागलं होतं ते. मार्चमध्ये चौदाही विहिरींवर दोन-दोनदा जाऊन आला. कुणी तपासलं नाही, कुणी विचारलं नाही. अन् तो गेल्यावर तू इथं आलीस. तू दिसलीस की मला तेच आठवायचं. बोलायला तोंड नव्हतं."

चष्मा पुन्हा लावत ते हळूच म्हणाले, "हे बाकी कुणाला ठाऊक नाही. असू दे तसंच. डिफला तुझ्याशिवाय कोण ओळखतं इथं?"

प्रमिलाबाई कागद घेऊन परत काचेच्या खोलीत गेल्या. दुपारभर त्यांनी काही केलं नाही. जीवरामनं एकदा दारातून डोकावून, "काही बिघडलं का?" विचारलं, तेव्हा त्या नाही म्हणाल्या. छप्पन्न आकडे. तसेच नाशिकला गेले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आपल्यासाठीच लिहिलेले खोटे आकडे. आणि पकडले आपणच, हट्टानं बसवून घेतलेल्या साधनानं. त्यांना राग यायला हवा होता की रडू, ते त्यांना ठरवता येईना. भाकरीला ठिगळ लावणारी कौतिकरावांची ती बोटं आठवत राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी टिपणी लिहिली. "शिरपूर विभाग, नोव्हेंबर १९८६ ते फेब्रुवारी १९८७, चौदा विहिरी. प्रत्यक्ष निरीक्षण झालेले दिसत नाही. सदर ५६ नोंदी अग्राह्य धराव्यात." निरीक्षकाच्या नावाचा रकाना होता. तो त्यांनी रिकामा सोडला, मग पुन्हा पेन उचललं आणि नाव लिहिलं.

साहेबांनी वाचलं. नाव वाचून मान वर केली. "बाई, हे नसतं दिलं तरी चाललं असतं."

"चाललं असतं, साहेब."

"मग?"

"बाकीच्या विभागांत मी लोकांच्या चुका काढल्याच की."

साहेबांनी हिरवं पेन उचललं. सही केली आणि फाइल बाजूला ठेवली. गेलेल्या माणसावर कारवाई होत नसते. छप्पन्न आकड्यांपुढं एक फुली लागली, इतकंच झालं. भिकन नाना मात्र तेव्हापासून दुपारी आपला डबा घेऊन काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागले. प्रमिलाबाईही तिथंच येत. दोघं फारसं बोलत नसत. चौऱ्याण्णवमध्ये नाना निवृत्त होऊन पाचोऱ्याला लेकाकडे गेले आणि बाकावर पुन्हा एकच डबा उरला.

त्याआधी, त्र्याण्णवच्या जानेवारीत, प्रमिलाबाई एका सुट्टीच्या दिवशी एसटीनं शिरपूरला गेल्या. तिथून जीपनं, मग पायी. सातव्या क्रमांकाची विहीर त्यांनी रजिस्टरातल्या खुणांवरून शोधून काढली. काठावर एक म्हातारी कपडे धूत होती. तिचं नाव भागाबाई.

"तू कोन शे वं?" तिनं विचारलं.

"धुळ्याहून आले. इथं पाणी मोजायला एक भाऊ यायचे ना, सायकलवर? उंच, चष्मा नसलेले?"

भागाबाईनं आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं, पण मान हलवली. "सरकारना माणसं येतस, दोरी सोडतस, लिखतस नि निंघी जातस. बठ्ठासले कसं ध्यानमा ठेवसूत?"

प्रमिलाबाई कठड्याला टेकून आत पाहत राहिल्या. पाणी बरंच खाली होतं. भागाबाईनं पिळलेलं लुगडं झटकून दगडावर पसरलं आणि पुन्हा विचारलं, "तुना कोनी व्हता का तो?"

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माझे मालक."

म्हातारीनं बाजूला सरकून दगडावर जागा करून दिली. प्रमिलाबाई थोडा वेळ तिथं बसल्या. दुपारची जीप चुकू नये म्हणून मग उठल्या.

पंचाण्णवच्या सुरुवातीला एकदा कार्यालयात जळगावहून फोन आला. जळगावच्या शाखेलाही तसाच जुना संगणक मिळाला होता आणि तिथल्या नव्या लिपिक लताबाई महाजन घाबऱ्या आवाजात विचारत होत्या, "बाई, डबाभर फ्लॉप्या आहेत आणि जागा नाही. इंजिनिअर म्हणतो, तुम्हीच ठरवा. तुम्ही काय काय घेतलं होतं?"

प्रमिलाबाईंनी पहिली वही मागवून घेतली आणि उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. संपादक कुठला, टेपवर प्रत रोज का काढायची, माहितीपानं आधी बसवून वाचून मग कशी काढून टाकायची. लताबाई मध्ये मध्ये थांबवून लिहून घेत होत्या. साहेबांच्या टेबलावरचा फोन, शेजारी खुर्ची नव्हती, म्हणून तोतारामनं आणून ठेवली. त्या बसल्या.

"आणि हे ताडून पाहायचं? ते घेऊ का? आमचे साहेब म्हणतात, त्याचं काय काम?"

"ते घ्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दुसरं काही सोडा, पण ते घ्या."

"का हो?"

प्रमिलाबाईंनी एक आणि नऊच्या घोटाळ्याचं उदाहरण दिलं. दुसरं दिलं नाही. लताबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही किती छान सांगता, बाई. तिकडे सगळे तुम्हाला विचारत असतील."

"नाही हो, तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही अडलात की करा फोन. मी इथंच असते."

त्या दिवशी चाळीस मिनिटं फोन चालला. तोताराम नंतर जीवरामला म्हणाला, वहिनी एवढं बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं.